‘वार राहणे’ आणि ‘वार ठेवणे’ : एका वैद्यकीय परिभाषेचे परीक्षण

वैद्यकाची परिभाषा मराठीत कशी घडवावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा सुट्या शब्दांच्या पातळीवर होत आलेला आहे. अमुक इंग्रजी नामासाठी तमुक संस्कृत नाम सुचविले की परिभाषाकाराचे काम संपले, अशी एक समजूत दिसते. त्या नामाबरोबर वाक्यात कोणते क्रियापद येते, त्याचा कर्ता कोण, कर्म कोणते, कर्त्याचा उल्लेख टाळला जातो काय, या गोष्टींकडे कोशकाराचे लक्ष सहसा जात नाही. प्रस्तुत लेखात एका मर्यादित क्षेत्राची परिभाषा या दृष्टीने तपासावयाची आहे. प्रसूतीनंतर वार गर्भाशयापासून सुटत नाही, ती बळाने सोडवू गेल्यास जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो, आणि अशा वेळी स्त्रीचा जीव वाचविताना तिचे गर्भाशयही राखता येईल काय, असा पेच वैद्यापुढे उभा राहतो. हे ते क्षेत्र होय. कोणत्या रुग्णेवर कोणती शस्त्रक्रिया करावी हे सांगण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला नाही, आणि तसा आवही येथे आणलेला नाही. परंतु ज्या शब्दांत हा पेच मांडला जातो ते शब्द सर्वांचे आहेत, आणि त्या शब्दांवरच रुग्णेची संमती अवलंबून असते.

प्रथम वस्तुस्थिती. मूल जन्मल्यावर काही मिनिटांत वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटते आणि बाहेर पडते. ती सुटू शकते, कारण वार आणि गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये एक मऊ अस्तर असते. सुटण्याची क्रिया त्या अस्तरातून होते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर हे अस्तर नीट तयार होत नाही. वार नेमकी तेथे रुजली तर तिला सुटण्यासाठी जागाच उरत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते, हे ध्यानी घेतले म्हणजे अशी वार हाताने ओढून काढण्याचा परिणाम काय होईल याची कल्पना येते. या विकाराचे मुख्य कारण आज सिझेरियनचा व्रण हे आहे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, वार खाली सरकून गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असताना, पहिल्या सिझेरियनच्या वेळी ती अशी जखडलेली असण्याचे प्रमाण शेकडा ३, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४० आणि चौथ्याच्या वेळी ६१ आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील शेकडा २५ आणि गोव्यातील शेकडा ३९ हून अधिक प्रसूती सिझेरियनने झालेल्या होत्या. तेव्हा हा विषय दूरच्या देशाचा म्हणून बाजूला ठेवता येण्याजोगा नाही.

आता नावांचा इतिहास पाहू. बोस्टनच्या आयर्विंग आणि हर्टिग यांनी १९३७ साली या विकाराची जी व्याख्या केली तिचा भर एका अभावावर होता. मधले अस्तर अंशतः किंवा पूर्णतः नसल्यामुळे वार भिंतीला चिकटून राहते, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वैशेषिकांनी अभावालाही पदार्थांत स्थान दिले. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला या व्याख्येत वावगे काही वाटणार नाही. जे असावयास हवे होते ते नाही, यात रोगाचे मूळ आहे. वार येथे काही करीत नाही. तिला सोडणारे कोणी नाही एवढेच.

१९६६ साली ल्यूक आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराच्या तीन पायऱ्या कल्पिल्या : अक्रेटा, इन्क्रेटा आणि परक्रेटा. लॅटिन भाषेतील ‘वाढणे’ या अर्थाच्या एकाच धातूच्या भूतकालवाचक कृदन्ताला तीन निरनिराळे उपसर्ग लावून ही नावे साधलेली आहेत. ‘लगत वाढलेली’, ‘आत वाढलेली’, ‘आरपार वाढलेली’ असे त्यांचे अर्थ. उपसर्ग धातूच्या अर्थाला कोठून कोठे ओढून नेतो हे संस्कृताच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. येथे तीन उपसर्गांनी मिळून एक प्रवास घडविला आहे. वार भिंतीपाशी येते, भिंतीत शिरते, भिंत फोडून पलीकडे मूत्राशयाकडे निघते. धातू अकर्मक असल्यामुळे कृदन्ताचा अर्थ कर्तरी होतो. वाढणारी ती वार. १९३७ च्या व्याख्येतील अभाव पुसला गेला आणि त्याच्या जागी एक चालता-फिरता कर्ता येऊन बसला. व्रणाचा तर या तिन्ही नावांत मागमूसही नाही.

पुढील पायरी अपरिहार्य होती. जी वाढत वाढत आरपार जाते ती आक्रमण करते, असे म्हणणे ओघानेच आले, आणि ‘आक्रमक वार’ हा प्रयोग इंग्रजी वैद्यकीय लेखनात रूढ झाला. त्याच्या जोडीला ‘रुग्णतः चिकटलेली वार’ हाही प्रयोग होताच. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०१९ साली या सर्वांवर ‘अक्रेटा वर्णपट’ असे एक छत्र धरले, तथापि त्याखालच्या प्रतवारीत पहिल्या प्रतीला ‘चिकटलेली’ आणि पुढच्या दोहोंना ‘आक्रमक’ हे विशेषण ठेवलेच. वर्णपट म्हटले की एका रंगातून दुसरा रंग सलगपणे निघावा अशी अपेक्षा असते. या वर्णपटाच्या दोन टोकांना मात्र दोन भिन्न क्रियापदे आहेत, आणि एकातून दुसरे कसे निघते ते नाव सांगत नाही.

शंका घेतली गेली ती वैद्यांकडूनच. अमेरिकेतील आइनर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली असा पक्ष मांडला की, हे वारेचे आक्रमण नसून गर्भाशयाच्या जुन्या व्रणाची उसवण आहे. भिंत विरळ होऊन फाकते, आणि वार मुळात जेथे होती तेथेच राहून उघडी पडते. लंडनच्या झोनियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या गर्भाशयांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून २०२२ साली असे नोंदविले की, गर्भाशयाचे बाह्यावरण भेदून पलीकडे गेलेले वारेचे अंकुर त्यांना आढळले नाहीत. म्हणजे तिसऱ्या उपसर्गाला, ‘आरपार’ला, वस्तुस्थितीचा आधार आहे की नाही याविषयीच प्रश्न उपस्थित झाला. या वादाचा निर्णय वैद्यक देईल. भाषेच्या अंगाने एवढे म्हणता येते की, दोन्ही पक्ष एकाच चित्राचे वर्णन करीत असून त्यांच्या वाक्यांचे कर्ते निराळे आहेत. ‘वार भिंतीत शिरली’ आणि ‘भिंत उसवली’. आक्रमणाला उत्तर निर्मूलनाचे असते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत आपण तेच करतो, आणि या विकारातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन पुष्कळदा त्याच वळणाने केले जाते. उसवलेल्या जागेला उत्तर शिवणीचे असते. विरलेला भाग कापून टाकावा आणि धडके कापड धडक्या कापडाला जोडावे, हे कोणत्याही शिंप्याला ठाऊक आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. नाव बदलले म्हणून शस्त्रक्रिया बदलली, असे इतिहास सांगत नाही. ब्युनोस आयरेसचे होसे पालासियोस-हाराकेमादा हे विरलेला भाग वारेसह कापून गर्भाशय पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया या वादाच्या बरीच वर्षे आधी करीत होते. २००४ सालच्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘परक्रेटा’ हे जुने नावही आहे आणि ‘गर्भाशयाची दुरुस्ती’ हे शब्दही आहेत. हात पुढे गेले होते, संज्ञा मागे राहिली होती. म्हणून भाषा विचाराला कैद करते असे जे एक टोकाचे मत भाषाविज्ञानात कधी कधी ऐकू येते, त्याचा पुरावा म्हणून हे उदाहरण वापरता येणार नाही. परंतु एका शल्यवैद्याचे हात जे जाणतात ते दुसऱ्या देशातील वैद्याला, आणि विशेषतः रुग्णेला, शब्दांवाटेच कळावयाचे असते. तेथे मागे राहिलेली संज्ञा आड येते.

दुसरा मुद्दा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या विशेषणाचा. वैद्यकाच्या रोजच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ ‘शस्त्रक्रिया न करता’ असा आहे. मोडलेले हाड प्लास्टरमध्ये ठेवले की तो कॉन्झर्व्हेटिव्ह उपचार. प्रस्तुत क्षेत्रात मात्र हाच शब्द ‘गर्भाशय राखणारा’ या अर्थी येतो, आणि गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया ते काढण्याच्या शस्त्रक्रियेहून पुष्कळदा अधिक अवघड असते. उपर्युक्त महासंघाच्या २०१८ च्या मार्गदर्शनात या एका विशेषणाखाली चार पद्धती घातलेल्या आहेत : वार हाताने खेचून काढणे; वार जागच्या जागी ठेवून वाट पाहणे; विरलेल्या भागासह वार कापून गर्भाशय एकाच बैठकीत शिवणे; आणि लंडनमध्ये चंद्राहरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेली ‘ट्रिपल-पी’ ही पद्धत, जीत आधी गर्भाशयाचा रक्तपुरवठा रोखतात व मग न सुटलेली वार भिंतीच्या तुकड्यासह काढतात. पहिली पद्धत पाहावी. ती धोक्याची म्हणून टाळावी असे तेच मार्गदर्शन सांगते. पॅरिसच्या केयम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जी तुलना प्रसिद्ध केली तीत खेचून काढण्याचा काळ आणि जागी ठेवण्याचा काळ हे परस्परांचे प्रतिपक्ष होते. प्रतिपक्षालाही आपल्या पोटात घेणारे हे विशेषण आहे! ज्या पद्धतीने गर्भाशय गमावण्याची वेळ येते तिलाही ‘रक्षक’ म्हणावयाचे, कारण गर्भाशय काढण्याचा हेतू आरंभी नव्हता. अशी ही व्याप्ती आहे.

दोष असा की, सकर्मक धातूपासून साधलेले हे विशेषण आपले कर्म सांगत नाही. कशाचे रक्षण? गर्भाशयाचे, पुढील गर्भधारणेच्या शक्यतेचे, रक्ताचे, की वैद्याच्या सावधगिरीचे? अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१८ साली संयुक्तपणे दिलेल्या मतात गर्भाशय काढणे ही सर्वमान्य रीत असून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ उपचार निवडक रुग्णांपुरते व प्रयोगावस्थेतील मानावेत असे म्हटले आहे. सावध माणसाने सावध मार्ग अमान्य करावा, असे हे वाक्य शब्दशः वाचणाऱ्याला वाटते. मराठीत ही अडचण समासानेच सुटते. ‘रक्षक’ हे पद षष्ठी-तत्पुरुषाच्या उत्तरपदी घातले की पूर्वपद पुरविणे भागच पडते. ‘गर्भाशयरक्षक’ म्हटल्यावर संदेह उरत नाही. याउलट ‘संरक्षक उपचार’, ‘पुराणमताचा उपचार’ असली भाषांतरे इंग्रजीतला घोटाळा जसाच्या तसा मराठीत आणतात.

या संदर्भात जुनी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इटलीतील पाव्हिया येथे एदोआर्दो पोर्रो यांनी १८७६ साली सिझेरियननंतर गर्भाशय कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि एका जवळजवळ खात्रीच्या मृत्यूतून बाईला वाचविले. त्यांनी आपल्या पुस्तिकेच्या शीर्षकात या छेदनाला सिझेरियनचे ‘पूरक’ असे म्हटले आहे. त्या काळी कापलेले गर्भाशय शिवण्याची रीत रूढ नव्हती, म्हणून पूरक हा शब्द अयोग्य नव्हता. सहाच वर्षांनी, १८८२ साली, जर्मनीत माक्स झेंगर यांनी भिंत थरांनी शिवण्याची पद्धत मांडली आणि पूरकाची गरज संपत आली. गर्भाशयरक्षणाचा इतिहास अशा रीतीने सुईपासून सुरू होतो. १९९७ साली इंग्लंडमधील क्रिस्टोफर बी-लिंच यांनी, वार सुटली असूनही गर्भाशय आवळत नाही अशा रक्तस्रावासाठी जो टाका प्रसिद्ध केला, तोही सुईचाच. विजारीच्या खांद्यावरच्या पट्ट्यांसारखा तो गर्भाशयावरून घेतात व आवळतात.

याच हेतूचा आणखी एक उपाय ढाक्याच्या सायेबा अख्तर यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. मूत्रनलिकेला बांधलेला निरोध गर्भाशयात घालून तो सलाइनने फुगवावयाचा. आतून दाब बसून रक्त थांबते. त्यांनी नोंदविलेल्या २३ स्त्रियांपैकी एकीचेही गर्भाशय काढावे लागले नाही. २०१९ साली युगांडा, इजिप्त व सेनेगल येथील मोठ्या चाचणीत असा फुगा सरसकट उपलब्ध केल्याने अपेक्षित लाभ दिसला नाही, हेही नमूद करावयास हवे. या पद्धतीला बाईंचे नाव पडले असून ‘सायेबाची पद्धत’ असे तिला म्हणतात. आपल्याकडील खेड्यातील कानाला हे ‘साहेबाची पद्धत’ असेच ऐकू येईल, आणि एका बंगाली बाईचे श्रेय एखाद्या गोऱ्या साहेबाच्या खाती जमा होईल, याची मात्र धास्ती वाटते.

आता प्रस्तुत लेखाच्या शीर्षकाकडे वळतो. ‘वार’ हा शब्द मराठी बोलीत पक्का रुजलेला आहे. त्याच्या जोडीचा ‘जार’ हा शब्द संस्कृत ‘जरायु’शी नाते सांगतो. चरक-सुश्रुतांचा शब्द ‘अपरा’. मागाहून येणारी ती अपरा, असा अर्थ घेतला तर इंग्रजी व जर्मन लोकभाषेतील शब्दांमागेही हीच कल्पना आहे. ‘प्लासेंटा’ म्हणजे मात्र लॅटिनमध्ये चपटी भाकर; तेथे केवळ आकार पाहिला गेला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अपरा न पडल्यास काय करावे हे सविस्तर सांगितले आहे, यावरून ही भीती किती जुनी आहे हे कळते.

मराठीत या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे मोजकी पण नेमकी आहेत. वार ‘पडते’. न पडल्यास ती ‘अडकते’, ‘चिकटते’ किंवा ‘राहते’. सुटलेली वार मिटलेल्या गर्भाशयमुखाआड असेल तर ती अडकली. भिंतीपासून सुटलीच नसेल तर ती चिकटली. वैद्यकाला हा भेद महत्त्वाचा वाटतो आणि तो बोलीत आयता आहे. ‘राहणे’ हे या दोहोंना व्यापणारे, आणि सर्वांत भयाचे. ‘वार पोटात राहिली’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सुइणींच्या तोंडी मृत्यूच्या वार्तेसारखे आलेले आहे.

याच पार्श्वभूमीवर आजचा वैद्य रुग्णेला सांगतो की, वार पोटातच ठेवू. मूल वरच्या बाजूने छेद घेऊन काढावयाचे, नाळ बांधून कापावयाची, वारेला हात लावावयाचा नाही, गर्भाशय शिवून टाकावयाचे, आणि मग आठवडे, महिने वाट पाहावयाची. लोईक सेंतील यांच्या पुढाकाराने फ्रान्समधील रुग्णालयांतून गोळा केलेली १६७ स्त्रियांची माहिती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १३१ जणींचे, म्हणजे शेकडा ७८ जणींचे, गर्भाशय राहिले. ज्यांच्याविषयी माहिती मिळाली अशा ११६ जणींपैकी ८७ जणींची वार आपोआप जिरली किंवा गेली, आणि त्याला लागलेला मध्यक काळ साडेतेरा आठवड्यांचा होता. दहा जणींना गंभीर उपद्रव झाला. एक स्त्री दगावली. पुढे २०१३ ते २०१५ या काळातील फ्रान्समधील पाहणीत वार ठेवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १६ टक्के, तर गर्भाशय काढलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के स्त्रियांना चार बाटल्यांहून अधिक रक्त द्यावे लागले. पहिल्या गटातील स्त्रियांना पुन्हा रुग्णालयात येण्याची वेळ मात्र अधिक आली. या स्त्रिया चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेल्या नव्हत्या, हे आकडे वाचताना विसरता कामा नये.

म्हणजे ‘राहिली’ हे संकट आणि ‘ठेवली’ हा उपचार. एक अकर्मक, दुसरे सकर्मक. एकात अपघात, दुसऱ्यात निश्चय. मराठीतील ही जोडी या भेदासाठीच जणू घडली आहे. इंग्रजीत राहिलेल्या वारेसाठी जे विशेषण आहे ते ‘राखून ठेवलेली’ अशा अर्थाचे कर्मणी कृदन्त आहे, आणि ठेवलेल्या वारेसाठी ‘सोडलेली’ या अर्थाचे. उपचाराला सोडून देण्याचे नाव आणि अपघाताला राखण्याचे नाव, असा तो उलटा व्यवहार आहे. शिवाय ‘इन सिटू’ या लॅटिन शब्दयोगाने निर्णय घेणारा माणूस पडद्याआड जातो. आपले वैद्य मराठीत बोलतानाही इंग्रजीचा हाच साचा वापरतात, आणि ‘वार तशीच राहू देऊ’ असे म्हणून बसतात. ‘राहू देणे’ या संयुक्त क्रियापदात ‘राहणे’ आलेच, आणि त्याबरोबर सुइणीचे सारे भय आले. घरातील वडीलधारी बाई हे ऐकून सुनेला दुसऱ्या दवाखान्यात हलवू पाहील तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. तिने मराठी बरोबर ऐकले. ‘वार आम्ही मुद्दाम ठेवणार आहोत’ असे कर्त्यासह, प्रयोजनवाचक अव्ययासह आणि पुढील देखरेखीच्या वचनासह बोलले गेले तर निदान योग्य गोष्टीचे भय वाटेल. आणि भय वाटण्याजोग्या गोष्टी, म्हणजे ताप, जंतुसंसर्ग, आठवड्यांनी पुन्हा होणारा रक्तस्राव, या उपचारातही पुष्कळ आहेत.

रक्तस्रावाच्या शब्दांविषयी थोडे. ‘अंगावरून जाणे’ हा आपल्या स्त्रियांचा शिष्ट प्रयोग. त्यात रक्त हा शब्द नाही, प्रमाण नाही, आणि मासिक पाळीपासून मरणान्तिक स्रावापर्यंत सर्वांना तो एकच आहे. ‘फार जातंय’ म्हणजे किती? पण येथे केवळ लोकभाषेला बोल लावणे अन्यायाचे होईल; ‘बेताचा’, ‘बराच’ हे वैद्याचे डोळ्यांनी केलेले अंदाजही त्याच जातीचे. बेळगाव येथे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूत होणाऱ्या स्त्रीखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची झोळी बांधून रक्त मोजले, तेव्हा नजरेचा अंदाज प्रत्यक्ष मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिचारिकांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून साडेसहाच्या आत आले. पुढे २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत अशी मापाची झोळी व ठरलेले उपचार एकत्र योजले असता, गंभीर स्राव, त्यापायी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा ४.३ ऐवजी १.६ भरले. मराठी मुलखाच्या सीमेवर जी झोळी आधी बांधली गेली तिला मराठीत अजून रूढ नाव नाही. ‘मापाची झोळी’ हे नाव येथे केवळ सोयीसाठी वापरले आहे.

राहता राहिली ‘पिशवी’. बोलीत गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि ‘पिशवी काढणे’ हे गर्भाशय काढण्याचे सर्वत्र कळणारे नाव आहे. शब्द सोपा आहे, सभ्य आहे, व त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पिशवीचे मोल तिच्यात काय आहे यावर ठरते. रिकामी पिशवी अडगळीत जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची जी सरकारी पाहणी झाली तीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्या शस्त्रक्रियांचा जखडलेल्या वारेशी संबंध नाही आणि त्यांची कारणे मजुरीत, उचलीत व दवाखान्यांच्या व्यवहारात आहेत, शब्दात नाहीत. तरी ज्या अवयवाला त्याच्या मालकिणीच्या भाषेत ‘काम संपलेली पिशवी’ म्हणता येते, तो काढण्याविषयी फार प्रश्न विचारले जात नाहीत, एवढे खरे.

संमतिपत्रकात पुढील धाटणीचे वाक्य घेऊ : ‘गरज भासल्यास पिशवी काढावी लागेल, त्यास आमची हरकत नाही.’ यातील ‘गरज भासल्यास’ला भासणारा कोण ते सांगितलेले नाही. ‘काढावी लागेल’ या रचनेत काढणाऱ्याचा उल्लेख नाही. सक्ती आहे, पण सक्ती करणारे कोणी नाही. ‘आमची’ हे अनेकवचन तर विशेष पाहण्याजोगे आहे. गर्भाशय एकीचे, हरकत अनेकांची. तोंडी बोलण्यात याच्या उलट बाजूचे सर्वनाम येते : ‘आपण पिशवी काढून टाकू.’ मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे व त्याचा आपल्याला अभिमान आहे. ऐकणाऱ्याला आपल्यात ओढणारे ‘आपण’ वापरले की रुग्णेने होकार देण्यापूर्वीच व्याकरणाने तिचा होकार घेतलेला असतो. वैद्य हे सौजन्याने म्हणतात यात संशय नाही. सौजन्य आणि संमती या दोन गोष्टी आहेत.

त्याऐवजी काय म्हणता येईल? नमुन्यादाखल पुढील मजकूर सुचवितो. ‘माझी वार जुन्या टाक्यांच्या जागी चिकटलेली असण्याचा संभव डॉक्टरांनी मला सांगितला आहे. ती ओढून काढल्यास खूप रक्त जाईल. गर्भाशय राखावयाचे असल्यास डॉक्टर वार मुद्दाम आत ठेवतील, किंवा विरलेला भाग वारेसह कापून गर्भाशय शिवतील. वार ठेवल्यास मला काही महिने तपासणीसाठी यावे लागेल, आणि ताप आल्यास किंवा रक्त गेल्यास लगेच यावे लागेल. रक्त थांबले नाही तर माझा जीव वाचविण्यासाठी डॉक्टर गर्भाशय काढतील, व त्यानंतर मला मूल होणार नाही. यांपैकी मला पुढील मार्ग मान्य आहे.’ प्रत्येक सकर्मक क्रियेला येथे कर्ता आहे, आणि सही करणारी व्यक्ती प्रथमपुरुषी एकवचनात आहे. मजकूर लांबला हे कबूल. आणीबाणीच्या घटकेला तो वाचून होणार नाही हेही खरे. परंतु आधीचे सिझेरियन आणि खाली आलेली वार या दोन गोष्टी सोनोग्राफीत प्रसूतीच्या पुष्कळ आधी कळू शकतात, तेव्हा वाचावयास वेळ असतो.

हा मजकूर निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या स्त्रियांना कसा कळतो, कोठे ‘वार’ म्हटलेले चालते आणि कोठे ‘जार’ म्हणावे लागते, ‘ठेवतील’ आणि ‘राहू देतील’ यांतील भेद त्यांना जाणवतो की नाही, याची पाहणी विभागाच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगी आहे. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी असावी, आणि प्रश्न विचारताना घरातील पुरुष मंडळी शक्यतो जवळ नसावीत.